कॅराव्हॅन घ्यावी की मोटरहोम? (इंग्लंड, आम्ही चौघं आणि उन्हाळ्यात आई-बाबा)

पाऊलखुणा:

नमस्कार मंडळी. आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. चार वर्षं तंबूत कॅम्पिंग केलं आणि मनापासून आवडलं. पण मागच्या ऑगस्टात पेम्ब्रोकशरला सलग तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या रात्री तंबूत खालून पाणी शिरलं आणि पहाटे साडेतीनला ओल्या गाद्या गाडीत कोंबून आम्ही घरी निघालो. सुट्टी संपली म्हणून मुलगी रस्ताभर रडत होती. हिंडणं सोडायचं नाही, पण डोक्यावर पक्कं छप्पर हवं, हे त्या दिवशी ठरलं.

गाडीला जोडून ओढायची कॅराव्हॅन घ्यायची की स्वतःच्या इंजिनावर चालणारं घर म्हणजे मोटरहोम, यावर घरात दोन पक्ष पडलेत. नवऱ्याला मोटरहोम हवंय, माझं मन कॅराव्हॅनकडे झुकतंय. माहिती देते:

बजेट २२ ते २५ हजार पौंड, म्हणजे वापरलेलीच. गाडी सात सीटची डिझेल. व्ही५सीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) वजन १६५० किलो आणि ओढायची मर्यादा २००० किलो आहे. घर नव्या वसाहतीत, पुढे दोन गाड्यांचा ड्राइव्हवे. वर्षाला साधारण तीस रात्री बाहेर, बहुतेक शाळेच्या सुट्ट्यांत. लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंड, कॉर्नवॉल ही यादी. दर उन्हाळ्यात माझे आई-बाबा नाशिकहून दोन महिने येतात. बाबांचे गुडघे दुखतात आणि रात्री दोनदा तरी उठावं लागतं. त्यांना एकदा तरी डोंगरात न्यायचंय, घरात बसून टीव्ही बघण्यात त्यांचा उन्हाळा जाऊ नये असं फार वाटतं.

ज्यांनी दोन्हींपैकी काहीही वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


कासवचाल:

आमच्याकडे २०१५ पासून कॅराव्हॅन आहे, आता दुसरी. कुठली चांगली हे विचारण्याआधी स्वतःला एक विचारा: तुम्ही एका जागी मुक्काम ठोकणारे आहात की रोज गाव बदलणारे? तंबूच्या सुट्ट्या आठवा. एका ठिकाणी किती रात्री काढल्या?

आम्ही ठोकणारे. शनिवारी चॅट्सवर्थच्या साइटवर पोहोचलो की अर्ध्यापाऊण तासात कॅराव्हॅनचे टेकूचे पाय खाली, वीज जोडली, पाण्याचा ड्रम भरला, की संपलं. मग आठवडाभर गाडी मोकळी. बेकवेलला बाजाराला जा, पोरांना पोहायला ने, कोणाचं पोट दुखलं तर फार्मसीत पळ. बिऱ्हाड जागच्या जागी. मोटरहोममध्ये दूध आणायला निघालात तरी सगळं घर बरोबर येतं.

आता तुमच्या वजनांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. ओढायची मर्यादा २००० दिसली म्हणून २००० किलोची कॅराव्हॅन बघू नका. नवशिक्याने कॅराव्हॅनचं भरलेलं कमाल वजन, ज्याला इथे एमटीपीएलएम म्हणतात, ते गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं असा इथला जुना आणि चांगला संकेत आहे. तो कायदा नाही, पण गाडीपेक्षा शेपूट जड झालं की वाऱ्यात शेपूट गाडीला हलवतं. तुमच्या बाबतीत १६५० चे ८५ टक्के म्हणजे १४०० किलो. त्यात चार बर्थच्या भरपूर मिळतात, सहा बर्थच्या थोड्या, पण मिळतात.

दुसरं, नोजवेट. गाडीच्या मागच्या जोडदांड्याच्या (टोबारच्या) गोळ्यावर, म्हणजे टोबॉलवर, उभा भार किती पडतो ते. कॅराव्हॅनच्या प्रत्यक्ष वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, म्हणजे १३०० किलोला ६५ ते ९१. पण गाडीच्या टोबारची मर्यादा ८० असेल तर ८० च. जड सामान चाकांच्या वर आणि जमिनीलगत ठेवायचं. मागच्या कपाटात तांदळाची गोणी ठेवली की पुढचा भार उचलला जातो आणि मोटरवेवर कॅराव्हॅन नागासारखी डोलायला लागते. तसं झालंच तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगने झुंजायचं नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच काढायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा.


फिरस्ता_यॉर्क:

मी दुसऱ्या बाजूचा. आम्ही दोघंच, मुलं मोठी होऊन बाहेर पडली. सहा वर्षांपूर्वी फियाट डुकाटो व्हॅनवर बांधलेलं मोटरहोम घेतलं. आम्ही रोज गाव बदलणारे, आणि त्यासाठी याच्याइतकं सुख कशात नाही. मागच्या वर्षी स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर बारा दिवसांत दहा मुक्काम केले. संध्याकाळी पावसात पोहोचायचं, हँडब्रेक ओढायचा, चालकाची खुर्ची मागे फिरवायची, चहा टाकायचा. बाहेर पायसुद्धा ठेवावा लागत नाही. सकाळी दहा मिनिटांत निघालेलो असतो.

वेगाचाही फरक आहे. गाडीला कॅराव्हॅन जोडली की साध्या रस्त्याला ५० मैल आणि ड्युअल कॅरेजवे किंवा मोटरवेवर ६० मैल ही मर्यादा, शिवाय तीन वा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन बंद. माझं रिकामं वजन ३.०५ टनांच्या आत आहे, म्हणून मला ६० आणि ७०. यॉर्कशरमध्ये ए१७० वरच्या सटन बँक चढावर तर कॅराव्हॅनला बंदीच आहे, मोटरहोम जाऊ शकतं. पण स्कॉटलंडमधल्या ॲपलक्रॉसला नेणाऱ्या बेलाख ना बा घाटाच्या तोंडाशी कॅराव्हॅन आणि खूप मोठी वाहनं नेऊ नका असा फलक आहे. तिथे माझं सात मीटरचं वाहनही मी नेलं नाही.

तरीही तुमची माहिती वाचून मी तुम्हाला मोटरहोम सुचवणार नाही. कारण सांगतो, आणि हे नवऱ्यालाही वाचून दाखवा.

जाहिरातीत सहा बर्थ लिहिलेलं असतं. बर्थ म्हणजे झोपायच्या जागा. प्रवासात लागतात सीटबेल्ट. सहा झोपतात आणि चारच बेल्ट आहेत अशी मोटरहोम्स सर्रास दिसतात. तुम्हाला सहा बेल्ट हवेत, त्यातले दोन मुलांच्या सीटसाठी, म्हणजे पुढे तोंड असलेले.

मग लायसन्स. भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांनी इथली परीक्षा नव्याने दिली, आणि ती १९९७ नंतर. म्हणजे बी वर्ग, ३५०० किलोपर्यंत. आता ३५०० किलो कमाल वजनाच्या एका मोटरहोमचा हिशेब करू. चालू स्थितीतलं वजन धरा ३०८०, यात चालकाचे ७५ किलो, डिझेल आणि गॅस आला. उरले ४२०. तुम्ही आणि दोन मुलं मिळून ११६ धरू, आई-बाबा १३६. उरले १६८. चार सायकली आणि स्टँड ६०, ऑनिंग (कॅराव्हॅन-मोटरहोमला बाहेरून जोडायचा तंबू) ३०. उरले ७८. या ७८ किलोत सहा जणांचे कपडे, भांडी, खुर्च्या, किराणा, कुकर. पाण्याची टाकी भरून निघालात तर तेही गेलं. कमाल वजन कागदावर वाढवून घेता येतं, पण ३५०० ओलांडलं की जास्त वजनाच्या वाहनांचं सी१ लायसन्स लागतं. वाटेत वजन केलं आणि जास्त भरलं तर दंड होतो, आणि अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न येतो.


ओलीमाती:

वरच्या दोघांना अनुमोदन. मी फक्त वापरलेली कॅराव्हॅन घेण्याबद्दल लिहिते, कारण त्यात आम्ही पोळलोय.

२०२० मध्ये एका खाजगी विक्रेत्याकडून सात वर्षं जुनी कॅराव्हॅन घेतली. आतून चकाचक, नवे पडदे, सुगंधी मेणबत्ती लावलेली. दुसऱ्या महिन्यात पुढच्या खिडकीखालचा पत्रा बोटाने दाबला तर मऊ लागला. आत लाकडाचा सांगाडा कुजला होता. दुरुस्तीला २३०० पौंड गेले आणि तो उन्हाळाही गेला. त्या मेणबत्तीचा वास मला अजून चालत नाही.

म्हणून सांगते, बघायला जाल तेव्हा पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. सगळ्या कपाटांची दारं उघडून आत डोकं घालून वास घ्या. खिडक्यांचे खालचे कोपरे, छताच्या झरोक्यांभोवतीची जागा, पुढचे-मागचे कोपरे दाबून बघा. ओलावा मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं. १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० असेल तर लक्ष ठेवायचं, २० च्या वर गेलं तर कारण समजल्याशिवाय पैसे काढू नका. गेल्या वर्षीच्या सर्व्हिसिंगचा ओलाव्याचा नकाशा मागा. तो नसेल तर मी तरी परत फिरेन.

टायर बघताना नक्षी बघून फसू नका. कॅराव्हॅन उभी राहून राहून टायर म्हातारे होतात, झिजत नाहीत. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनी बदलावेत, सात ओलांडू नयेत.

कॅराव्हॅनला व्ही५सी नसतं, एमओटी (वाहनाची सक्तीची वार्षिक तपासणी) नसते, वेगळा रोड टॅक्स नसतो. खर्चाच्या दृष्टीने छानच, पण चोरीची निघाली तर कागदावर कळणार कसं? त्यासाठी सीआरआयएस नावाची नोंदणी आहे. काचांवर आणि सांगाड्यावर १७ अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो. सगळीकडे तोच आहे ना, खरवडलेला नाही ना, हे बघून मग पैसे मोजून चौकशी करा.


पुणेरी_पाटी:

पुण्यातून वाचतोय. बाळबोध शंका आहे. कॅराव्हॅन एवढं घर असतं तर आजी-आजोबांना प्रवासात त्यातच पलंगावर झोपवून का नेत नाहीत? गुडघे दुखणाऱ्यांना सोयीचं पडेल.


कासवचाल:

@पुणेरी_पाटी, शंका रास्त आहे, माझ्या काकांनीही हेच विचारलं होतं. अशा ओढल्या जाणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये चालत्या रस्त्यावर माणसं बसवणं इथे बेकायदा आहे. त्यात सीटबेल्ट नाहीत, भिंती हलक्या आहेत, आणि उलटली तर काही शिल्लक राहत नाही. सगळे गाडीतच बसायचे.

आणि @पाऊलखुणा, यावरूनच आठवलं. सात सीटच्या गाडीत मागची रांग वापरलीत की डिकी संपली. त्यात मागच्या रांगेतली माणसं आणि टोबारवरचा भार, दोन्ही मागच्याच ॲक्सलवर येतात. गाडीच्या दारापाशी प्लेट असते, तिच्यावर ओळीने चार आकडे असतात: गाडीचं कमाल वजन, गाडी आणि कॅराव्हॅन मिळून कमाल वजन, पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल. चौथा आकडा बघा आणि सहा जणांना बसवून एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर जाऊन या. खर्च किरकोळ असतो आणि डोक्यावरचं ओझं उतरतं.


रिंगण:

काहीही घेण्याआधी भाड्याने घ्या. एक आठवडा. आम्ही ऑगस्टात घेतलं तेव्हा रोजचे १४० पौंड पडले होते, शाळेची सुट्टी नसेल तर बरंच कमी. महाग वाटेल, पण २५ हजारांची चूक त्याहून महाग.


पाऊलखुणा:

किती मनापासून लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी. वजनाचा हिशेब नवऱ्याने दोनदा वाचला आणि गप्प बसला.

काही उपप्रश्न:
माझं लायसन्स ऑटोमॅटिकचं आहे, त्याने फरक पडतो का? ट्रेलरची वेगळी परीक्षा द्यावी लागते असं ऑफिसात एकजण म्हणाला. हॅरोला नणंद राहते, तिच्याकडे जाताना युलेझचं (लंडनच्या वाहन-प्रदूषण शुल्काचं) काय? आणि स्वयंपाक. आई रोज सकाळी पोळ्या करणार आणि वरणाला कुकर लावणार. ते जमतं का, की लोक तक्रार करतात?


फिरस्ता_यॉर्क:

परीक्षेचं ऐकीव आहे, पण जुनं. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कारच्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. परीक्षा गेली तरी शिकून घ्या, कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लबचे याचे अभ्यासवर्ग असतात. वेगळी परीक्षा नाही म्हणजे कौशल्य लागत नाही असं नव्हे.

ऑटोमॅटिकचा फरक पडतो, आणि मोठा. तुमच्या बजेटमधली जुनी मोटरहोम्स बहुतेक मॅन्युअल आहेत. ती तुम्ही कायद्याने चालवूच शकणार नाही. स्कॉटलंडपर्यंत नवऱ्याने एकट्याने चालवायची आणि तो आजारी पडला तर? तुमची कार ऑटोमॅटिक असेल तर कॅराव्हॅन दोघंही ओढू शकाल.

युलेझ: २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो (पालिका विभाग) त्यात आले, हॅरोसकट. डिझेल इंजिन युरो ६ या प्रदूषण निकषाचं नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. मोटरहोमचं एक दुखणं असं की सांगाडा आधी बनतो आणि घर नंतर बांधलं जातं, त्यामुळे २०१६ ला नोंदलेल्यातही युरो ५ इंजिन निघू शकतं. कॅराव्हॅनला इंजिनच नाही, तुमची कार पास असली की झालं.


कासवचाल:

स्वयंपाकाचं मी सांगतो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

बहुतेक कॅराव्हॅनमध्ये तीन गॅसच्या आणि एक विजेची अशी चार शेगड्यांची सोय असते. पण बर्नर जवळजवळ असतात. मोठा तवा ठेवला की शेजारी कुकर बसत नाही. आईंना घरचा तवा न देता आठ इंची द्या आणि कुकर तीन लिटरचा. शिट्टीबद्दल आजवर आम्हाला कोणी काही बोललेलं नाही, उलट शेजारच्या आजोबांनी हा कसला आवाज म्हणून येऊन वरणभात खाल्लाय. फक्त रात्री उशिरा आणि पहाटे नको, साइटवर तेव्हा शांतता पाळतात.

फोडणी मात्र आत नको. जागा लहान, वास गाद्यांत बसतो आणि वाफेने खिडक्या गळायला लागतात, शेवटी तो ओलावाच. आम्ही बाहेर उघड्यावर छोटी गॅसची शेगडी ठेवतो. बाहेर म्हणजे खरंच बाहेर. ऑनिंगच्या बंद तंबूत शेगडी किंवा कोळशाचा बार्बेक्यू कधीही पेटवायचा नाही, विझत आलेला कोळसासुद्धा आत आणायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि यात माणसं दगावली आहेत. आत अलार्म लावलाच पाहिजे.

गॅस प्रोपेन घ्या. ब्युटेन थंडीत, शून्याच्या आसपास, वायू व्हायचंच थांबतं. फेब्रुवारीच्या सुट्टीत चहाला गॅस नाही असं होतं.

विजेचं गणित: काही साइटवर १६ अँपिअर, काहींवर १०. घरची ३ किलोवॉटची किटली एकटीच १३ अँपिअर ओढते, म्हणजे १० वर लगेच फ्यूज उडणार. १ किलोवॉटची लहान किटली घ्या. हीटर चालू असताना विजेची शेगडी लावायची नाही, एवढं आईंना समजावून ठेवा.

आता बाबांचं. रात्री दोनदा उठायचं म्हटल्यावर त्यांचा पलंग कायमचा, टॉयलेटच्या लगत हवा. रोज सोफा ओढून केलेला पलंग त्यांना नको. मागे जोडपलंग आणि शेजारी बाथरूम असा नकाशा बघा. तुम्ही दोघं पुढच्या सोफ्यावर, मुलं ऑनिंगमधल्या आतल्या तंबूत. मुलांना तेच आवडतं. दाराशी दोन पायऱ्यांचा स्टूल आणि धरायला दांडा लावून घ्या. बाबांना घेऊन दुकानात जा आणि त्यांना खरंच चढायला-उतरायला लावा. ते आलेले नसतील तर तुम्ही गुडघा न वाकवता चढून बघा.

आणखी एक, घराच्या डीड्स (मालकीची कागदपत्रं) वाचल्यात का? नव्या वसाहतीत दारात कॅराव्हॅन लावायची नाही अशी अट बऱ्याचदा असते.


पाऊलखुणा:

दादा, शेवटच्या ओळीसाठी किती आभार मानू. वकिलाने दिलेली फाइल आज काढली. स्पष्ट लिहिलंय: कॅराव्हॅन, मोटरहोम, बोट, ट्रेलर यांपैकी काहीही घरापुढे उभं करता येणार नाही. घर घेताना हे पान आम्ही उलटलंही नव्हतं. दोन दिवस मन खट्टू होतं.


फिरस्ता_यॉर्क:

खट्टू होऊ नका, या देशात निम्म्या कॅराव्हॅन स्टोरेजमध्येच राहत असतील असं मला आमच्या आसपास बघून वाटतं. सीएएसएसओए ही स्टोरेज जागांची संघटना आहे, सुरक्षेनुसार ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देते. गोल्ड असेल तर काही विमा कंपन्या हप्ता कमी करतात. हिचलॉक (जोडणीचं कुलूप) आणि चाकाचं कुलूप मात्र विमेवाले मागतातच, आणि ते लावलेलं नसेल तर भरपाई मिळत नाही.

पण या अटीने निर्णय आणखी सोपा केला. मोटरहोम हे इंजिन असलेलं वाहन आहे. वर्षाला तीस रात्री वापरून बाकी दिवस दूर कुठेतरी उभं राहिलं तर बॅटरी उतरते, ब्रेक गंजतात, टायर एका जागी चपटतात, आणि रोड टॅक्स, विमा, एमओटी चालूच. मी माझं दर दोन-तीन आठवड्यांनी वीस मैल फिरवून आणतो, कारण ते माझ्या दारात आहे. तुम्हाला ते शनिवारच्या क्लासेसमधून कसं जमणार? कॅराव्हॅन थंडीआधी पाणी पूर्ण काढून, नळ उघडे ठेवून, गाद्या उभ्या करून निवांत सोडता येते.


ओलीमाती:

स्टोरेज घराजवळ बघू नका, मोटरवेच्या वाटेवर बघा. आम्ही आधी गावात उलट्या दिशेला ठेवली होती, शुक्रवारी संध्याकाळी ती आणण्यातच दीड तास जायचा.


पाऊलखुणा:

मंडळी, सहा आठवड्यांनी परत लिहितेय. रिंगण यांचं ऐकलं आणि मेच्या हाफ टर्मला (सत्रामधल्या शाळेच्या सुट्टीत) मोटरहोम भाड्याने घेतलं. चार बेल्ट, ७.३ मीटर, ऑटोमॅटिक. लेक डिस्ट्रिक्टमधल्या केसिकला, डर्वेंटवॉटर तळ्याच्या काठच्या क्लब साइटवर सहा रात्री.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. जाताना एम६ वर सव्वा तास अडकलो. मुलीला उलटी झाली. पुढच्या सर्व्हिसेसला (मोटरवेवरच्या विश्रांतीथांब्याला) थांबलो, तिथेच तिला आंघोळ घातली, कपडे बदलले, मऊभात केला, ती पलंगावर वीस मिनिटं पडली आणि बरी झाली. नवरा मागे वळून म्हणाला, बघ, हेच मी म्हणत होतो. मला पटलं. रात्री साडेनऊला पावसात पोहोचलो आणि दहाला सगळे झोपलेले.

मग दुसऱ्या दिवशी कॅसलरिगचं दगडी वर्तुळ बघायला निघालो. वीज काढली, कप कपाटात बंद केले, छताचे झरोके ओढले, पसरलेली खेळणी गोळा केली. तिथे रस्त्याच्या कडेला गाड्या लावतात, सात मीटरला जागाच नव्हती. पुढे-मागे करत परत आलो. गावातल्या एका पार्किंगला वर आडवी दांडी, उंची बसत नाही. होनिस्टर घाटाचा २५ टक्के चढ बघून तो विचारच सोडला. बाकीचे दिवस सीटोलरला जाणाऱ्या ७८ नंबरच्या बसने फिरलो. बस सुंदर आहे, दोन्हीकडे डोंगर आणि मध्ये पाणी, मुलांनी वरच्या मजल्याची पुढची सीट सोडली नाही. पण बाबांना घेऊन स्टॉपवर उभं राहता येणार नाही, आणि सहा रात्रींत आम्ही ते वाहन हलवलं ते एकदाच. कासवचाल दादांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं, आम्ही ठोकणारे आहोत.

नवऱ्याने परतीच्या वाटेवर स्वतःहून सांगितलं, कॅराव्हॅन बघू.

आता पुढचं. एका विक्रेत्याकडे २०१९ ची चार बर्थ, मागे कायमचा पलंग, शेजारी बाथरूम, १३६८ किलो, १४,९९५ पौंड. ओलाव्याचा अहवाल आहे, सगळे आकडे १५ च्या आत. टायर मूळचेच आहेत. गाडीला टोबार आणि वायरिंग, टोइंगचे आरसे, मूव्हर (कॅराव्हॅन हळूहळू सरकवणारी मोटर), ऑनिंग, सगळं धरून १९ हजारांच्या आत बसतंय. स्टोरेज एम१ च्या बाजूला बारा मैलांवर मिळालं, गोल्ड दर्जाचं. सहा जणांसह गाडी वजनकाट्यावर नेता आली नाही, आई-बाबा जुलैत येतील, पण आई-बाबांच्या वजनाची तांदळाची पोती आणि पाण्याचे कॅन मागच्या रांगेत ठेवून वजन केलं. मागचा ॲक्सल मर्यादेच्या ४५ किलो आत आहे, म्हणजे नोजवेट धरलं तर जातोय बाहेर. काय करू?


कासवचाल:

पोती ठेवून वजन केलंत, हे फार आवडलं.

उत्तर: लांबच्या प्रवासात आई-बाबांना मागच्या रांगेत बसवूच नका. तशीही गुडघे दुखणाऱ्याला ती रांग नको. बाबा पुढे चालकाशेजारी, आई मधल्या रांगेत मुलांबरोबर. सहावं माणूस म्हणजे तुम्ही किंवा नवरा, रेल्वेने पेनरिथपर्यंत (लेक डिस्ट्रिक्टजवळचं स्टेशन) या. मिल्टन कीन्सहून जायला सोपं आहे. आम्ही सासूबाई आल्या की हेच करतो, मी आगगाडीने जातो, पुस्तक वाचतो. दुसरा मार्ग, आई-बाबांना रेल्वेने पाठवा आणि सोबत एका मुलाला द्या, दोघांनाही आवडेल. पाच जणांत मागची रांग खाली पाडली की डिकीही मिळते. हिशेब पाच जणांचा परत करा.

टायर मूळचे म्हणजे २०१९ चे किंवा त्याआधीचे. ते विक्रेत्याकडून बदलूनच घ्या, किमतीतच. चाकं काढल्यावर तीस मैलांनी थांबून बोल्ट परत आवळायचे, टॉर्क रेंच घेऊन ठेवा.

आणि पैसे द्यायच्या आधी एक सकाळ माझ्याबरोबर काढा. मी डर्बीशरच्या दक्षिणेला राहतो, तुम्हाला दीड तास पडेल. आमच्या स्टोरेजच्या मागे मोकळं मैदान आहे, मालकाची परवानगी आहे. आधी तुम्ही आणि मग नवरा, दोघांनीही माझी कॅराव्हॅन रिव्हर्स घ्यायची. युक्ती एकच: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. कॅराव्हॅनचं मागचं टोक डावीकडे जायला हवं तर तळाचा हात डावीकडे, उजवीकडे हवं तर उजवीकडे. अगदी थोडं थोडं, आणि चुकलं की पुढे जाऊन सरळ करून परत. पहिल्या तासात रडू येतं, दुसऱ्या तासात जमतं. मुलांनाही आणा, शेजारच्या शेतात कोकरं आहेत.


पाऊलखुणा:

दादा, येतो. रविवारी सकाळी दहापर्यंत पोहोचू. येताना पोहे घेऊन येते, वहिनींना सांगा नाश्त्याचं काही करू नका. टायरचं विक्रेत्याला आत्ताच फोन करून बोलले, चारच्या आत सांगतो म्हणालाय.


ओलीमाती:

विक्रेत्याकडे ताबा घ्यायला जाल त्या दिवशी पाऊस असेल तर देवाचे आभार माना आणि सगळी कपाटं परत एकदा उघडा. माझं ओलावा मोजायचं यंत्र पोस्टाने पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. काम झालं की परत पाठवा, घाई नाही.